आंदोलनातील हिंसा : दोष कोणाचा?

राजकीय आंदोलनात दोन गट एकमेकांवर तुटून पडले, की सर्वांत आधी विचारले जाते : सुरुवात कोणी केली? उत्तर मिळाले तरी त्यातून फक्त घटनांचा क्रम कळतो. नंतरच्या प्रत्येक माराचा दोष पहिला दगड मारणाऱ्याकडे जातो का, बंद पुकारणाऱ्या नेत्याला तो किती लागतो आणि लांबून टाळ्या वाजवणारा त्यातून सुटतो का, हे प्रश्न उरतातच.

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईपुढे हे सारे प्रश्न एकदम उभे राहिले. त्या दिवशी प्रिन्स ऑफ वेल्स अपोलो बंदरावर उतरला. असहकारवाद्यांनी हरताळ पुकारला होता. परळला गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन समाजांतले अनेक जण मात्र स्वागताला गेले होते. परतणाऱ्यांना जमावाने गाठले, डोक्यावरच्या विदेशी टोप्या हिसकावल्या, ट्रामगाड्यांवर हल्ले केले, दारूची दुकाने पेटवली. मग उलट बाजूने सूड उगवला. अंगावर खादी दिसली की मार बसू लागला. गोळीबारही झाला. पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधींनी १९ तारखेला उपोषण सुरू केले आणि शहर निवळल्यावर २२ला सोडले.

मृतांत बहुसंख्य असहकाराच्या बाजूचे होते, हे गांधींनी स्वतःच नोंदवले आणि तरीही पहिला दोष त्याच बाजूवर ठेवला. ते योग्यच होते. कोणाची किती माणसे गेली यावरून दुःख मोजता येते, दोष नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांत, साधनपादात, हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे : कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो. ही मांडणी साधकाने स्वतःचे मन तपासावे म्हणून आहे, दंगलीच्या चौकशीसाठी नव्हे. तरीही तिच्यातून एक मोलाची गोष्ट दिसते. भाकरीचे तुकडे करावेत तसा दोष वाटता येत नाही. करवणाऱ्याकडे गेला म्हणून करणाऱ्याचा घटत नाही.

गांधींनी हिंसा करवली नव्हती, ती रोखण्यासाठी ते रस्त्यांवर फिरले. पण लोकांचा क्षोभ जागा करणाऱ्याने त्याच्या परिणामांचाही विचार करायला हवा, हे त्यांना मान्य होते. मार्च १९२२मध्ये अहमदाबादच्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबईची आणि जमावाने पोलीस ठाणे जाळले त्या चौरीचौऱ्याची जबाबदारी त्यांनी न्यायालयापुढे स्वीकारली. ही कबुली थोर आहे, पण पुरेशी नाही. नेत्याने सगळे स्वतःवर घेतले, तर ज्याच्या हातात दगड होता तो अलगद सुटतो.

अनुमोदनाचा दोष ठरवणे सर्वांत कठीण. गप्प राहिलेल्या प्रत्येकाला त्यात ओढले, की अख्खा समाजच आरोपी होतो. पारशी म्हणून पारशाला आणि खादीधारी म्हणून खादीधाऱ्याला मारणारा जमाव याच तर्काने चालला होता. चुकीच्या माथी ठेवलेला दोष पुढच्या हिंसेला असा पाया देतो.

कायद्यालाही ही अडचण चुकलेली नाही. बेकायदेशीर जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एकाने केलेला गुन्हा जमावातल्या प्रत्येकाचा ठरतो, असे भारतीय दंड संहितेचे कलम १४९ सांगत असे. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १९०मध्ये आहे. चौरीचौरा खटल्यात सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. १९२३मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांपैकी १९ जणांची कायम केली. समूहाला धरून दिलेल्या निकालात किती जीव अडकू शकतात, हे या दोन आकड्यांतल्या अंतरावरून कळते.

कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने १९४६मध्ये, नाझी राजवटीनंतर, गुन्ह्याचा आणि नीतीचा दोष व्यक्तीपुरता ठेवून राजकीय उत्तरदायित्व समूहाकडे दिले. हा भेद येथेही उपयोगी पडतो. जळालेले दुकान उभे करून देणे, मृताच्या घरच्यांना आधार देणे, आपल्या वस्तीत सापडलेल्या विरोधकाला सुखरूप पोचवणे, हे गटाने गट म्हणून करायचे काम आहे. त्यासाठी त्यातल्या प्रत्येकाने गुन्हा कबूल करावा लागत नाही.