आपआपल्या घरासमोरचा कोट

वचन : नहेम्या, अध्याय 3



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आमच्या उपासनांत क्वचितच वाचला जातो. त्यांत ना दृष्टांत, ना चमत्कार. नुसती नांवांची लांबलचक यादी आहे. यरुशलेमेचा पडलेला कोट कोणीं कोणीं बांधिला, एवढेंच तींत सांगितलें आहे. परंतु ही यादी सावकाश वाचावी. उज्जीएल सोनार होता, हनन्या गांधी होता. दागिने घडविणारे व सुगंधी द्रव्यें कुटणारे हात त्या दिवसांत दगडमातींत होते. शल्लूम आपल्या कन्यांना घेऊन आला. मल्कीया हा एका परगण्याचा अधिकारी. त्याच्या वांट्यास उकिरडावेस आली, ती त्यानें बांधिली व तिला कवाडें बसविलीं. याजकांनीं आपआपल्या घरासमोरचा भाग उभारिला, मशुल्लामानें आपल्या कोठडीसमोरचा. आणि तकोवाच्या सरदारांविषयीं एकच गोष्ट नमूद आहे : त्यांनीं कामाला खांदा दिला नाहीं.

हेंही ध्यानांत असूं द्यावें कीं, मंदिर तर यापूर्वींच पुन्हा उभें राहिलें होतें. उपासना चालू होती, यज्ञ होत होते. गांव मात्र उघडें पडलें होतें.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांकडे पाहिलें म्हणजे हेंच चित्र दिसतें. शब्बाथशाळा भरते, तरुण संघ भजनें बसवितो, नाताळांत उत्तम नाटक होतें. परंतु ग्रामसभेची दवंडी फिरली कीं, आमचा तरुण घरांत बसतो. विचारलें तर म्हणतो, ‘तें राजकारण, तेथें घाण आहे.’ असेल. उकिरडावेशीजवळ तरी सुगंध कोठून असणार? मल्कीया अधिकारी असून तेथें गेला.

दुसरें कारण अधिक खरें आहे. गांवांत आपलीं घरें चारपांच. आपलें कोण ऐकणार, अशी भीति मनांत असते. तिला उत्तर कायद्यांतच आहे. ग्रामपंचायतींविषयींच्या 1958 च्या अधिनियमाप्रमाणें गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. त्यास निवडून यावें लागत नाहीं, कोणाची शिफारस लागत नाहीं. सभेची गणसंख्या एकंदर मतदारांच्या शेंकडा 15 किंवा 100, यांपैकीं जी कमी ती होय. लहान गांवांत मूठभर माणसांच्या येण्यान येण्यावर सभा होते किंवा तहकूब होते! आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढें पंचायतीनें मागील वर्षाचा जमाखर्च ठेवावयाचा असतो. तो वाचून दाखवा, असें नम्रपणें म्हणण्यास चार घरेंही पुष्कळ आहेत, एक घरही पुष्कळ आहे.

मुलींनीं तर हें विशेष ऐकावें. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची निराळी सभा भरविण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रांत पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखलेल्या आहेत. पंडिता रमाबाई 1882 सालीं शिक्षण आयोगापुढें उभ्या राहून स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर मागत होत्या, आणि ख्रिस्ती झाल्यावर 1889 सालीं मुंबईच्या राष्ट्रसभेंत प्रतिनिधि म्हणून बसल्या. तेव्हां या देशांत एकाही स्त्रीस कायदेमंडळासाठीं मत नव्हतें.

येथें एका अवघड गोष्टीविषयीं बोललें पाहिजे. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. 1949 सालीं आमच्या पुढाऱ्यांनीं कायदेमंडळांत स्वतःसाठीं राखीव जागा नकोत, हें मान्य केलें. पुढें 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा कांहीं धर्मांपुरताच ठेविला, त्यांत ख्रिस्ती नाहींत. त्यामुळें मंडळीच्या वहींत एक नोंद व सरकारी कागदांत दुसरी, असा दुहेरी संसार पुष्कळ घरांत चालतो. त्या घरांच्या पोटाची व शिक्षणाची अडचण आम्ही जाणतों. त्यांच्यावर दगड उचलणें आम्हांस शोभणार नाहीं. हें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापुढें गेलेलें आहे व तें मांडीत राहणें योग्यच आहे. परंतु जो तरुण या भीतीनें चारचौघांत तोंड उघडीत नाहीं, त्यास आम्ही एवढेंच सांगूं कीं, ग्रामसभेंत बसण्यास जातीचा दाखला लागत नाहीं. तेथें ख्रिस्ती म्हणून उजळ माथ्यानें बसतां येतें.

फिलिप्पै येथें पौल व सीला यांना चौकशीवांचून फटके मारून बंदींत टाकिलें. सकाळीं अधिकाऱ्यांनीं गुपचूप निघून जाण्यास सांगितलें, तेव्हां पौलानें आपलें रोमी नागरिकत्व पुढें केलें व अधिकाऱ्यांना स्वतः येऊन बाहेर नेण्यास लाविलें. फटके तर खाऊन झाले होते. त्यांत त्याचा लाभ तो काय? पण तो गेल्यावर लुदियेच्या घरीं जमणारी लहान मंडळी त्याच गांवांत राहणार होती.

मात्र आम्ही पंचायतीकडे केव्हां जातों? दफनभूमीचा वाद निघाला कीं जातों. ती मागणी न्यायाची आहे. पण एरवीं आमचें तोंड दिसतच नसेल तर गांवानें आम्हांस आपले कां म्हणावें? यिर्मयानें बाबेलांतील बंदिवानांस पत्र लिहून परक्या नगराचें हित पाहण्यास सांगितलें. आमचें गांव तर परकें नाहीं. दलित वस्तीचा नळ, अंगणवाडीचें गळकें छप्पर, पाण्याची टांकी शेवटीं केव्हां धुतली, या गोष्टी आमच्या कोणी विचारिल्या तर बरें.

ज्यांस 18 वर्षें पूर्ण झालीं त्यांनीं यादींत आपलें नांव पाहावें. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर अशा चार तारखा यासाठीं धरितात. पंचायतीस उभें राहण्यास 21 वर्षें लागतात. तोंवर सभेस जावें, वडील माणसांचें ऐकावें, ठराव वहींत जसा झाला तसा लिहिला काय तें पाहावें. मंडळीच्या पंचांनींही रविवारीं सूचना वाचतांना ग्रामसभेची तारीख वाचावी, आणि त्या दिवशीं तरुण संघाची बैठक ठेवूं नये.