यज्ञचक्र आणि शेजाऱ्याचे शेत

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला यज्ञचक्राचे रहस्य सांगितले आहे. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसावर पिकते, पाऊस यज्ञावर अवलंबून असतो आणि यज्ञ कर्मातून घडतो. हे चक्र पुढे न चालविता जो केवळ इंद्रियांचे लाड पुरवितो, त्याचे जिणे व्यर्थ होय, असा भगवंतांचा निर्वाळा आहे. हा उपदेश होमकुंडापाशी बसणाऱ्यापुरताच नाही. जो मातीत बी टाकून आभाळाकडे पाहतो, त्या शेतकऱ्याला तो सर्वांआधी उमगतो.

परंतु हे चक्र एकट्याने फिरत नाही, त्याला शेजारी लागतो. तो शेजारी परधर्मीय असेल, निराळ्या नावाने ईश्वराला हाक मारीत असेल, तर काय करावे? आपली श्रद्धा सैल सोडावी, की शेजाऱ्याला दूर लोटावे? या प्रश्नाचे उत्तर पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशाच्या काही शेतकऱ्यांनी आपल्या आचरणाने दिले आहे. ते मननीय आहे.

युगांडाच्या पूर्व भागात एल्गॉन पर्वताच्या पायथ्याशी म्बाले नावाचे नगर आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर केळीच्या सावलीत कॉफीची झाडे वाढतात. तेथे ख्रिस्ती आणि मुसलमान शेतकऱ्यांच्या शेजारी ‘अबायुदाया’ नावाचा एक लहानसा ज्यू समाज राहतो. सेमेई काकुंगुलू या सेनानीने १९१९ मध्ये ज्यू धर्म अंगीकारला, तेव्हापासूनची ही परंपरा. इदी अमीनच्या राजवटीत, १९७१ ते १९७९ या काळात, या धर्मावर बंदी आली. प्रार्थनामंदिरे बंद झाली, पुष्कळांनी धर्म सोडला, थोडे लोक मात्र लपूनछपून प्रार्थना करीत राहिले. ज्यांनी श्रद्धेपायी इतके सोसले, त्यांनी पुढे परधर्मीयांविषयी मनात अढी धरली असती, तरी कोणास नवल वाटले नसते.

घडले ते वेगळेच. याच समाजातील जे. जे. केकी हे शेतकरी २००१ च्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्क येथे गेले होते. ११ तारखेला तेथील गगनचुंबी मनोऱ्यांवर झालेला हल्ला त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. धर्माचे नाव घेऊन केलेला तो संहार पाहून माणसाचे मन एक तर कडवट होते, नाही तर शोधक होते. केकी यांचे मन शोधक झाले. धर्माच्या नावाने माणसे एकमेकांना मारू शकतात, तर धर्माच्याच बळावर ती एकत्र का येऊ नयेत, हा विचार घेऊन ते गावी परतले. त्या दिवसांत कॉफीचे भाव तळाला गेले होते आणि मिळेल त्या किमतीला माल व्यापाऱ्याच्या हवाली करावा लागे. केकी यांनी दारोदार जाऊन ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान शेजाऱ्यांना बोलाविले. २००४ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिचे नाव ‘मिरेंबे कावोमेरा’, म्हणजे त्यांच्या लुगांडा भाषेत ‘रुचकर शांती’. संस्थेची पदे तिन्ही धर्मांच्या लोकांत वाटली गेली. कॅलिफोर्नियातील एका कॉफी कंपनीने रास्त भावाने खरेदी सुरू केली, आणि पुढे सभासदांची संख्या हजारावर गेली. या शेतकऱ्यांनी आपल्या सहकार्यावर गाणी रचली. त्यांचा संग्रह अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला.

यातील खरे मर्म सेंद्रिय शेतीच्या रीतीत आहे. लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च एकट्याने झेपत नाही, म्हणून असे शेतकरी बहुधा ते गटाने घेतात. गटाने आपल्या सभासदांची शेते स्वतःच पाहायची असतात. बाहेरचा तपासनीस त्यांतील काही शेते निवडून पडताळणी करतो. गटाची देखरेख ढिली आढळली, तर प्रमाणपत्र सर्वांचेच जाऊ शकते. एकाने रात्री चोरून विषारी औषध फवारले, तर दुसऱ्याचा वर्षभराचा घाम मातीमोल होतो. म्हणजे मुसलमानाच्या सचोटीवर ज्यूची चूल अवलंबून, आणि ज्यूच्या सचोटीवर ख्रिस्ती शेजाऱ्याच्या मुलांची शाळा. एकमेकांचे पोषण करीत श्रेय मिळवा, ही गीतेची शिकवण याहून स्पष्ट कोठे दिसावी?

येथे कोणी शंका घेईल की, असे एकत्र येण्याने ज्याची त्याची निष्ठा पातळ होत नाही काय? तसे होण्याचे कारण नाही. शुक्रवारी मुसलमान मशिदीत जातो, शनिवारी ज्यू काम थांबवितो, रविवारी ख्रिस्ती चर्चमध्ये जातो. कोणी कोणाचा वार बदलण्यास सांगत नाही. उलट प्रत्येकाचा धर्मच त्याला या कामाकडे नेतो. ज्यू धर्मशास्त्र सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्यास आणि शेताचा कोपरा गरिबासाठी न कापता राखण्यास सांगते. इस्लाममध्ये पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा दानासाठी काढावा लागतो. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले, तरी तेही दानच गणले जाते. ईश्वराने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे ख्रिस्ती मानतो. केवळ स्वतःपुरते शिजविणारा पाप खातो, असे गीता म्हणते. वाटा निरनिराळ्या असल्या, तरी जमीन आपल्या एकट्याच्या उपभोगासाठी नाही, हे सर्वांनाच मान्य आहे.

सातव्या अध्यायात भगवंत म्हणतात की, भक्त ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, त्या रूपाच्या ठायी त्याची श्रद्धा मीच अढळ करतो. जी श्रद्धा साक्षात भगवंतांनी स्थिर केली, ती डळमळविण्याचा अधिकार कोणाला? तसेच, जाणत्याने इतरांचा बुद्धिभेद न करता स्वतः उत्तम कर्म करून त्यांना कर्मात लावावे, असे तिसरा अध्याय सांगतो. ‘सर्व धर्म एकच’ असे सभेत म्हणणे सोपे आहे. परधर्मीय शेजाऱ्याने आपल्या शब्दावर त्याचे वर्षाचे पीक निर्धास्तपणे सोपवावे, इतके खरे वागणे कठीण आहे. आणि साधकाची कसोटी तेथेच आहे.

म्हणून गीतेच्या अभ्यासकाने पाठ संपल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्या बांधापलीकडचा, भिंतीपलीकडचा, निराळ्या देवाला नमस्कार करणारा जो शेजारी आहे, त्याला आपल्या भक्तीमुळे अधिक निर्भय वाटते की अधिक भय वाटते? निर्भय वाटत असेल, तर यज्ञचक्र फिरत आहे असे समजावे. भय वाटत असेल, तर अध्याय मुखोद्गत असूनही चक्र आपल्या दाराशी थांबले आहे, हे ओळखून त्याला आजच हात लावावा.