यंत्रविद्येतील आप्तवाक्य

मनुष्य जेव्हा 'हे मला ठाऊक आहे' असे म्हणतो, तेव्हा त्यातले किती त्याने स्वतः पाहिलेले असते, किती अनुमानाने सिद्ध केलेले असते आणि किती केवळ दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून स्वीकारलेले असते, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके मोठ्या चिकाटीने हाताळला. आणि तरीही आज या प्रश्नाचे जिवंत उदाहरण शोधावयाचे झाल्यास मी ते शास्त्रीबोवांच्या पाठशाळेत शोधणार नाही, तर पुण्यामुंबईच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीसाठी चार वर्षे आणि आठ सत्रे खर्ची घालणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत शोधीन. तर्कशास्त्राचा इतका कडक अंमल दुसऱ्या कोणत्याही आधुनिक विद्येत नसेल. एक स्वल्पविराम चुकला तरी यंत्र काम नाकारते. परंतु इतकी अपार, इतकी अनुच्चारित श्रद्धाही दुसऱ्या कोणत्या विद्येत आढळत नाही, आणि या दुसऱ्या गोष्टीकडे अभ्यासक्रमाचे लक्ष गेलेले नाही.

विद्यार्थी सी भाषेत दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहितो, तो कंपाइल करतो, चालवतो, आणि पडद्यावर अपेक्षित आकडा उमटला की 'आउटपुट आले' असे म्हणून जर्नलमध्ये उतरवितो. त्या आकड्याखाली काय काय आहे हे पाहू गेले तर दृष्टी फिरते. त्याच्या ओळींचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर कोणी दुसऱ्याने रचलेला आहे. त्या यंत्रभाषेला स्मृती आणि वेळ वाटून देणारी ऑपरेटिंग सिस्टीम तिसऱ्यांनी रचलेली आहे. तिच्याखालचा प्रोसेसर कोण्या दूरच्या देशात घडला असून त्यातील अब्जावधी ट्रान्झिस्टरांपैकी एकही त्याने डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याने तपासल्या त्या दहा ओळी. उरलेले सारे त्याने पत्करलेले आहे. आणि यात त्याचा काही दोष आहे असेही नाही, कारण आज पृथ्वीवर असा एकही पुरुष नसेल, ज्याने तळापासून शिखरापर्यंत सर्व थर स्वतः तपासले आहेत.

एके काळी स्थिती निराळी होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी जो संगणक बांधला आणि जो १९६० साली पूर्णत्वाने कार्यरत झाला, त्या टिफ्रॅकच्या स्मृतीत अवघे २,०४८ शब्द मावत. त्याच्या निर्वात नलिका, त्याचे डायोड, त्याचा हुकूमसंच हे सर्व त्याच मंडळींच्या हातून गेलेले होते. यंत्राने उत्तर दिले की त्या उत्तरामागील कार्यकारणभाव एका लहानशा गटाच्या सामूहिक ज्ञानात समग्र सामावलेला असे. त्या ऐश्वर्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण ते परत येणे नाही. विद्या वाढली की ती एका मस्तकात मावेनाशी होते, आणि मग शब्दप्रमाणाचा, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दाला प्रमाण मानण्याचा, प्रश्न दारात येऊन उभा राहतो.

तो किती खोल आहे हे या विद्येच्याच एका आचार्याने दाखवून दिले. युनिक्स या प्रणालीचे आद्य कर्ते केन थॉम्प्सन यांना डेनिस रिची यांच्यासह १९८३ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, आणि त्या निमित्ताने त्यांनी जे छोटेखानी व्याख्यान दिले ते १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील युक्ती अशी: कंपायलरमध्ये असा गुप्त फेरफार करावा, की लॉगिनचा प्रोग्रॅम कंपाइल करताना तो त्यात एक चोरदरवाजा ठेवील, मग आणखी एक फेरफार असा करावा, की कंपायलर स्वतःलाच पुन्हा कंपाइल करू लागला म्हणजे हे दोन्ही फेरफार नव्या कंपायलरमध्ये आपोआप उतरतील, आणि मग मूळ लेखनातून दोन्ही पुसून टाकावेत. आता लेखन निष्कलंक आहे, कोणीही अक्षरन् अक्षर वाचावे, त्यात काही सापडणार नाही. तरीही दोष यंत्ररूपात पिढ्यान् पिढ्या वाहत राहतो, कारण कंपायलर कंपायलरानेच जन्मास येतो. जे सर्वस्वी स्वतः रचलेले नाही त्यावर विश्वास ठेवता येत नाही, असा निष्कर्ष थॉम्प्सन यांनी काढला. हा निष्कर्ष वाचताना मला मीमांसक कुमारिल आणि नैयायिक गंगेश यांची आठवण होते, आणि ती केवळ शोभेची आठवण नव्हे. वाद तोच आहे.

नैयायिकांचे म्हणणे असे, की ज्ञान उत्पन्न झाले एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. त्याचे प्रामाण्य दुसऱ्या कशावरून तरी सिद्ध व्हावे लागते. दूरवर पाणी चकाकताना दिसले. ते पाणी आहे की मृगजळ हे त्या दर्शनाने सांगितले नाही. मनुष्य तेथवर गेला, ओंजळ भरली, तहान भागली, आणि प्रवृत्ती सफल झाली म्हणून पूर्वीचे दर्शन यथार्थ होते असे ठरले. याला परतःप्रामाण्य म्हणतात, आणि मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांनी 'तत्त्वचिंतामणी'त त्याचे जे सूक्ष्म समर्थन केले ते नव्यन्यायाच्या मुळाशी आहे. यावर मीमांसकांचा आक्षेप सरळ आणि भेदक आहे: तहान भागली हेही एक ज्ञानच, त्याचे प्रामाण्य कशावरून? त्यासाठी तिसरे, तिसऱ्यासाठी चौथे, आणि अशी अनवस्था, जिला अंत नाही. म्हणून कुमारिल भट्टांनी उलट बाजू धरली: प्रत्येक ज्ञान स्वतःच प्रमाण असते, त्याला बाध करणारे दुसरे ज्ञान पुढे आले, अथवा ज्या कारणांपासून ते उपजले त्या कारणांत दोष आढळला, तरच ते टाकावे. आणि शंकांची मालिका कोठवर ताणावयाची यालाही त्यांनी मर्यादा घातली. तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जाण्याचे कारण राहत नाही, असे त्यांचे मत.

थॉम्प्सन यांचे व्याख्यान म्हणजे या वादातली अनवस्थाच होय, फक्त ती येथे कल्पनेत नसून विद्युतप्रवाहात आहे. प्रोग्रॅमचा जामीन कंपायलर, कंपायलरचा जामीन त्याच्या आधीचा कंपायलर, त्याचा जामीन त्याच्याही आधीचा; ही साखळी ओढत गेले तर शेवटी हाताला काही लागत नाही. आपल्या पूर्वजांपाशी या साखळीचा शेवट करण्याचे दोन मार्ग होते. नैयायिकांनी वेदाचे प्रामाण्य त्याचा कर्ता जो सर्वज्ञ ईश्वर त्याच्या आप्तत्वावर ठेवले. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानला, म्हणजे कर्ताच नाही, आणि दोष हा कर्त्याच्या ठायी वसणारा असल्यामुळे दोषालाही आश्रय नाही. संगणकाच्या विद्यार्थ्याला यांपैकी एकही मार्ग खुला नाही. त्याच्या यंत्राचा कर्ता सर्वज्ञ नाही, आणि यंत्र कर्त्याविना झालेले नाही.

मग त्याने काय करावे? येथे मला या विद्येतील दोन वृत्तांत अत्यंत उद्बोधक वाटतात. पहिला डेव्हिड व्हीलर यांचा, ज्यांनी २००९ साली आपल्या प्रबंधात थॉम्प्सन यांच्या युक्तीवर उतारा सविस्तर मांडला: संशयित कंपायलरचे मूळ लेखन एका स्वतंत्र, दुसऱ्यांनी रचलेल्या कंपायलरकडून कंपाइल करवावे, त्यातून निघालेल्या कंपायलरकडून पुन्हा तेच लेखन कंपाइल करवावे, आणि शेवटचे फलित संशयिताशी बिट-बिट ताडून पाहावे, दोन्ही तंतोतंत जुळले तर गुप्त दोष असण्यासाठी दोन परस्परांशी संबंध नसलेल्या कंपायलरांत तोच दोष असावा लागेल. एकाच प्रमेयावर भिन्न प्रमाणे येऊन मिळतात आणि एकमेकांना दुजोरा देतात, त्याला नैयायिक प्रमाणसंप्लव म्हणत. व्हीलर यांनी जे केले ते याहून वेगळे नाही. अनवस्था त्याने संपत नाही, पण शंका कोठे जाऊन बसू शकते ती जागा इतकी आकसते, की कुमारिलांची तीन-चारची मर्यादा वाजवी वाटू लागते.

दुसरा वृत्तांत दुःखद आहे. ओपन-एसएसएल नावाचा सुरक्षेचा प्रोग्रॅमसंग्रह, ज्यावर जगातील असंख्य संकेतस्थळे विसंबून होती, त्यात हार्टब्लीड या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेला दोष २०१२ च्या मार्चमध्ये प्रसृत झालेल्या आवृत्तीतून शिरला आणि २०१४ च्या एप्रिलपर्यंत जगापुढे उघड झाला नाही. त्याचे लेखन गुप्त नव्हते. कोणीही वाचावे असे उघडे होते. आणि ते उघडे असल्यामुळेच दुसऱ्या कोणीतरी ते वाचले असेल असे प्रत्येकाने गृहीत धरले. आपल्या शास्त्रांत याला अंधपरंपरा म्हणतात, एका आंधळ्याने दुसऱ्याचा हात धरावा, त्याने तिसऱ्याचा, आणि रांग कितीही लांब असली तरी डोळे कोणालाच नसावेत. थॉम्प्सन यांच्या गुप्त फेरफारापेक्षा ही स्थिती मला अधिक भयावह वाटते. तेथे निदान कोणाचा तरी कपटी हेतू होता, येथे केवळ सर्वांची निश्चिंती होती.

आणि ही निश्चिंती आपण विद्यार्थ्याला पहिल्या सत्रापासून शिकवितो, हे मला खेदाने म्हणावे लागते. सत्राच्या अखेरीस सबमिशनची धांदल उडते, टर्मवर्कच्या गुणांसाठी जर्नले एकमेकांवरून उतरविली जातात, अल्गोरिदम आणि त्याचे आउटपुट मागील वर्षीच्या वहीतून पुढील वर्षीच्या वहीत जाते, आणि प्रमाणपत्रावर स्वाक्षरी होते. या नक्कलप्रतींना मी नीतीचा भंग म्हणून दोष देत नाही. मुले थकलेली असतात, केटीचे ओझे असते, प्लेसमेंटची चिंता असते. माझे म्हणणे ज्ञानाच्या प्रकृतीविषयी आहे. जे ज्ञान श्रवणाच्या पायरीवरच थांबले, ज्याला मननाचा स्पर्श झाला नाही, ते अंधपरंपरेतील हाताहून अधिक काही नाही. आणि याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला उपदेश करताना श्रवणाच्या पुढे मनन आणि निदिध्यासन सांगितले ते आत्म्याविषयी खरे असले तर कंपायलरविषयीही खोटे नाही.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे, ज्याचा विचार केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. विद्यार्थ्याने आपली अडचण लिहून द्यावी आणि भाषिक प्रतिमानांवर चालणाऱ्या यंत्राने तत्काळ प्रोग्रॅम लिहून द्यावा, हे आता रोजचे झाले आहे. हे वाक्य कोणाचे? वात्स्यायनांनी आप्ताची लक्षणे सांगितली ती अशी, की त्याने वस्तू साक्षात् जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही त्यांनी मोठ्या उदारपणाने नोंदविले. पण या यंत्राला जाणणेही नाही आणि सांगण्याची इच्छाही नाही. मग मीमांसकांच्या युक्तीने त्याचे बोलणे कर्त्यावाचूनचे, म्हणून दोषावाचूनचे, असे कोणी म्हणेल काय? तसे म्हणता येणार नाही, कारण ते बोलणे असंख्य मनुष्यांच्या वाक्यांपासून घडलेले आहे. त्या सर्वांचे दोष त्यात उतरले आहेत, फक्त त्या दोषांची जबाबदारी घेणारा कोणी उरलेला नाही. आप्त नसलेला आणि अपौरुषेयही नसलेला असा शब्द आपल्या दर्शनकारांपुढे कधी आला नव्हता. म्हणून त्याच्या बाबतीत कुमारिलांचे स्वतःप्रामाण्य मला स्वीकारता येत नाही. येथे गंगेशांच्या बाजूस जावे लागते, प्रवृत्ती करून पाहावी लागते, आणि तीही सावधपणे, कारण कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ सालीच सिद्ध केले आहे. म्हणजे तपासणीचा एकच सार्वत्रिक नियम हाती घेऊन निश्चिंत होण्याची सोयही नाही. प्रत्येक ठिकाणी तेथल्यापुरता विवेक करावा लागतो.

या विवेकालाच मी श्रद्धा म्हणतो, आणि ती धर्मातील श्रद्धेहून जातीने भिन्न आहे असे मला वाटत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसेचा विशाल कोश सिद्ध केला, तो वेद प्रमाण मानणाऱ्याने. परंतु त्या प्रामाण्याविरुद्ध उठू शकणारी प्रत्येक शंका त्या शास्त्रात पूर्वपक्ष म्हणून जतन केलेली आहे, हे तो कोश उघडणाऱ्याला दिसते. ज्याला आपली श्रद्धा कोणत्या पुराव्याने ढासळेल हे सांगता येते त्याचीच श्रद्धा विचारी होय. उद्या हाच विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडेल, त्याचा प्रोग्रॅम एखाद्या रुग्णालयात औषधाची मात्रा मोजील अथवा एखाद्या कचेरीत निवृत्तिवेतनाचा हिशोब करील, आणि तेथील माणसे त्या आकड्यावर तशीच विसंबतील, जसा तो आज कंपायलरवर विसंबतो. त्या माणसांच्या दृष्टीने तो आप्त असेल, त्याची योग्यता असो वा नसो.

म्हणून तोंडी परीक्षेत, जेथे बाह्य परीक्षक लिंक्ड लिस्टची व्याख्या आणि नॉर्मलायझेशनचे प्रकार विचारून पाच मिनिटांत विद्यार्थ्याला मोकळा करतात, तेथे मला आणखी एक प्रश्न हवा आहे: तुझे उत्तर बरोबर आहे हे तुला कशावरून कळले? कोणी म्हणेल, पुस्तकात आहे. कोणी म्हणेल, चालवून पाहिले. कोणी म्हणेल, दोन निरनिराळ्या रीतींनी तेच आले. क्वचित कोणी म्हणेल, याची सिद्धता मला मांडता येते. ही चार निरनिराळी प्रमाणे आहेत, आणि जो विद्यार्थी त्यांतील भेद ओळखून 'येथवर मी स्वतः तपासले आणि येथून पुढे अमुकाच्या शब्दावर विसंबलो, कारण त्याविरुद्ध अजून काही आढळलेले नाही' असे सांगेल, त्याचा प्रोग्रॅम त्या दिवशी न चालला तरी मी त्याला पूर्ण गुण देईन.