पापाचा वाटा आणि दुःखाचा वाटा

ताडकळससारख्या बाजाराच्या गावी एखाद्या घरचा कर्ता मुलगा फौजदारी गुन्ह्याच्या आरोपाखाली अटकेत गेला, की काल सायंकाळपर्यंत ओट्यावर येऊन बसणारे शेजारी दुसऱ्या दिवसापासून वाट वाकडी करून जाऊ लागतात. आणि या वागण्यामागे पोलिसांचा धाक जितका असतो तितकेच एक जुने तत्त्वही असते, जे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही पाठ आहे: करील तो भरील. कर्मफलाचा हा सिद्धान्त सत्य मानला, तर ज्याचे भोग त्याने भोगावेत. मग परभणीच्या जिल्हा कारागृहात, किंवा शिक्षा लागून पुढे रवानगी झाली तर हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात, त्याच्या मुलाखतीसाठी निघालेल्या मातेचे अथवा पत्नीचे हे जाणे धर्म म्हणावयाचे की मोह?

तयारीचा बाह्य भाग लहान असतो. ओळखपत्र, नात्याचा पुरावा, परभणीची एस.टी. किंवा पूर्णा जंक्शनवरून सुटणारी गाडी. घरचे शिजवलेले अन्न बहुधा दरवाजावरच अडते, म्हणून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधण्याचा जन्माचा सराव असलेल्या हातांना त्या पहाटे काहीच काम उरत नाही. भेट पुष्कळ ठिकाणी काचेआडून, फोन कानाला लावून, मोजक्या मिनिटांची. सोबत नेता येण्यासारखे उरतात ते शब्द, आणि खरी तयारी त्यांचीच करावी लागते.

वाल्या कोळ्याची कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. वाटमारी करणाऱ्या त्या माणसाला नारदाने विचारले, की ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? बायकामुलांनी नकार दिला, आणि तो नकार न्याय्यच होता. कारण दुसऱ्याचे पाप उचलण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि उचलल्याचे सोंग आणल्याने ते हलकेही होत नाही. परंतु कथा सांगणारे येथून थेट वारुळाकडे वळतात. वाल्या वर्षानुवर्षे एका जागी बसून असताना त्या घरातून कोणी तिकडे फिरकले का, हे कोणीच विचारीत नाही. आणि माझ्या मते कर्मसिद्धान्ताची जी कठोर बाजू आपल्या अंगवळणी पडली आहे, ती या न विचारलेल्या प्रश्नातच रुजलेली आहे. पापाचा वाटा नाकारणे सत्याला धरून आहे. दुःखाचा वाटा नाकारण्याची अनुज्ञा त्यातून निघत नाही. फळ कोणी भोगावे एवढेच कर्म ठरविते. ते भोगीत असता त्याच्याशेजारी कोणी बसू नये, असे त्यातून मुळीच ठरत नाही.

याच जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मस्थान. विठ्ठलाच्या पदकाच्या चोरीचा आळ त्यांच्यावर आला, सुळी देण्याचा हुकूम झाला आणि सुळाचे पाणी झाले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिने धीर येतो खरा, पण तो निरपराधाच्या आईला. 1938 साली हैदराबाद संस्थानातील सत्याग्रहात जे निजामाच्या तुरुंगात गेले, त्यांच्या घरच्यांनाही मान ताठ ठेवता येत होती. मात्र ज्याने खरोखरीच कोणावर हात उचलला, कोणाचे घर फोडले, त्याची आई पदराने तोंड झाकून उभी राहते, आणि धर्माची परीक्षा तिच्याच बाबतीत व्हायची असते. कुराणात दीन, अनाथ आणि बंदिवान यांना अन्न देणाऱ्यांची प्रशंसा आहे. ख्रिस्ताने तर बंदिवासातील माणसाची भेट ही स्वतःचीच भेट मानली. बंदिवान दोषी की निर्दोष, ही चौकशी दोन्हीकडे नाही.

म्हणून जाणाऱ्याने एक प्रश्न घरीच ठेवावा: ‘तू हे केलेस का?’ तो प्रश्न न्यायाधीशाचा आहे, आणि आपल्या देशातील कारागृहांत दर चार बंद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, ज्यांच्याबाबत न्यायाधीशाचा निवाडा अजून व्हायचा आहे. ‘तू काहीच केले नाहीस’ हा निर्वाळाही, ठाऊक नसताना, देऊ नये; प्रेमापोटी दिलेले खोटे आश्वासन पश्चात्तापाची वाट अडविते. सांगावे ते घरचे: पाऊस झाला का, कापूस किती निघाला, धाकटीची परीक्षा कशी गेली, वकिलांनी पुढची तारीख कोणती सांगितली. अशा साध्या वृत्तान्तातून त्याला कळते की घरात आपली जागा अजून आहे. आणि ज्याला परतावयास घर आहे, त्यालाच स्वतःच्या कृत्याकडे सरळ पाहण्याचे बळ येते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. महाराष्ट्रातील कारागृहांनी ‘गळाभेट’ या उपक्रमातून बंद्यांना आपल्या लेकरांना काचेशिवाय पोटाशी धरू दिले, ते कृत्य मला कित्येक कीर्तनांहून अधिक धार्मिक वाटते.

गावकऱ्यांस विनंती एवढीच, की अशा घरची बाई मुलाखतीला निघाली तर तिची लहान मुले त्या दिवसापुरती आपल्या घरी जेवू घालावीत, आणि ती परतल्यावर खटल्याची चौकशी न करता, तो कसा आहे, हे विचारावे.