धक्का कोणी सोसावा?

साताऱ्याहून पंढरपुराकडे जाणारा रस्ता कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले आणि म्हसवड या गावांवरून जातो. आणि ज्या रस्त्याने पायी, बैलगाडीने, एस. टी. ने आणि अलीकडे स्वतःच्या मोटारीने लोक तीर्थास गेले, त्याच रस्त्यावर आता बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर यांसह फिरते बिऱ्हाडच मिनीबसच्या सांगाड्यावर थाटलेले एक वाहन दिसू लागले आहे, ज्यास कोणी मोटारहोम म्हणतात, कोणी कॅरॅव्हॅन, आणि ज्याच्या पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली एक स्वतंत्र धोरणही मंजूर केले. कोरेगावातील एखादा गृहस्थ वृद्ध आईवडिलांना पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर घडवावे या हेतूने अशी गाडी बांधून घेऊ लागला, की गॅरेजवाला त्यास एक प्रश्न विचारतो: मूळचे पाटे ठेवायचे, की ते काढून हवेचे फुगे बसवायचे? प्रश्न कारागिरीचा आणि खर्चाचा दिसतो, आणि बहुतेक लोक तो तेवढ्यावरच निकालात काढतात. परंतु यात्रेस निघालेल्या मनुष्याने रस्त्याचा धक्का सोसावा की चुकवावा, आणि चुकविलाच तर तो कोणाच्या अंगावर जातो, हा धर्मविचारातील फार जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे, असे मला निश्चितपणे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती. पाटा म्हणजे किंचित बाक दिलेल्या पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचून यू-बोल्टने आसाशी आवळलेली जुडी. ती केवळ भार पेलत नाही. आसाला जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही तीच करते, आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात त्या घर्षणात उसळीचा काही अंश आपोआप जिरतो. एखादी पट्टी तुटली तरी उरलेल्यांच्या आधाराने गाडी सावकाश मुक्कामाला पोचू शकते, आणि ज्या मुलुखात उसाचे ट्रक हंगामभर धावतात तेथे पाटे बांधून देणारा कारागीर शोधावा लागत नाही. दोष एवढाच, की पोलादाची ताठरता एकदा ठरली ती ठरली: भार कमी असला की गाडी उसळते, जास्त झाला की बसते, रिकाम्या ट्रकच्या मागील फळीवर बसून गेलेल्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

हवेच्या फुग्याची रीत निराळी. मनुष्य आणि रस्ता यांच्यामध्ये हवा घालण्याची कल्पना १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले तेव्हापासून रूढ झाली; तीच पुढे चाकातून वर चढली आणि आस व सांगाडा यांच्यामध्ये येऊन बसली. रबराच्या फुग्यात दाबाची हवा कोंडलेली असते, कॉम्प्रेसर तिचा पुरवठा करतो, आणि एक झडप आस व सांगाडा यांतील अंतरावर पाळत ठेवून भार वाढताच हवा आत घेते व घटताच बाहेर सोडते; त्यामुळे गाडीची उंची कायम राहते आणि तिचे झुलणेही भाराप्रमाणे फारसे बदलत नाही. शिवनेरी गाडीतून पुणे-मुंबई गेलेल्यास ते झुलणे परिचित आहे. मात्र फुगा फक्त उभा भार पेलतो, आसाला धरून ठेवण्यास वेगळे दांडे लागतात. आणि नळी गळली किंवा कॉम्प्रेसर थकला, की सारी गाडी रबरी ठोकळ्यांवर बसते व त्या दिवसापुरती साध्या बैलगाडीहून कठोर होते.

येथे एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. फुग्याचा सर्वांत मोठा गुण, म्हणजे बदलत्या भारापुढे न बदलणे, हा माल भरून जाणाऱ्या आणि रिकाम्या परतणाऱ्या वाहनास फार मोलाचा. पण मोटारहोमचा भार जवळजवळ स्थिर असतो. बिछाना, कपाटे, बॅटऱ्या, शेगडी हे सामान उतरत नाही. शंभर लिटर पाणी संपले तर शंभर किलो वजन घटते, एवढाच काय तो फरक. अशा स्थिर भारास जुळतील असे पाटे जाणत्या कारागिराकडून बांधून घेतले, एखादी पट्टी कमी किंवा अधिक केली आणि शॉकॲब्सॉर्बर चांगले घातले, तर पाट्यावरची गाडीही पुष्कळ सुसह्य होते. उलट, उतारावर मुक्काम पडला असता गाडी समतल करून निजता यावे, ही फुग्याची सोय पाट्यांत नाही.

आता मूळ प्रश्न. यात्रेला कष्ट हवेत काय? सांगली-कोल्हापूरकडील जैन समाजात दिगंबर मुनींचा विहार पायीच होतो, वाहन त्यांना वर्ज्य. वारकरी आळंदीहून पंढरपुरास चालत जातो, नीरा ओलांडून पाडेगावला सातारा जिल्ह्यात शिरतो, आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करतो. माउलींच्या पादुका पालखीत घालून नेण्याच्या या सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आमच्या याच जिल्ह्यातले, आरफळचे. गांधीजींनी १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ मध्ये आगगाडीवर ठेवलेल्या आक्षेपांत हाही एक होता, की पूर्वी तीर्थास मोठ्या कष्टाने जावे लागे म्हणून खरे भक्तच तेथे जात, आणि प्रवास सुलभ होताच नाना हेतूंचे लोक तेथे पोचू लागले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कष्ट ही श्रद्धेची एक प्रकारची कसोटी होती, आणि ती कसोटी गेली की गर्दी उरते.

परंतु कष्ट आणि यातना यांतील भेद आपल्या परंपरेने फार स्पष्ट केला आहे, आणि तोच येथे निर्णायक आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभाने व हट्टाने शरीराला पीडा देणारे तप आसुरी ठरविले आहे, आणि मूढपणाने स्वतःस क्लेश देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस म्हटले आहे. बुद्धानेही आत्मक्लेशाचा मार्ग अनुभवाअंती सोडला. चालणाऱ्या वारकऱ्याचे कष्ट पवित्र आहेत ते स्वेच्छेने स्वीकारलेले म्हणून, आणि पावलागणिक त्यांचे नामात रूपांतर होते म्हणून. गाडीच्या मागील बिछान्यावर निजलेल्या सत्तरीच्या आईच्या कण्यात खड्ड्याखड्ड्याने शिरणारा धक्का हे तप नव्हे, कारण तो तिने मागितलेला नाही आणि तिला तो थांबविता येत नाही. सेकंदाला साधारण ४ ते ८ या प्रमाणातील उभ्या कंपनांना बसलेला मनुष्यदेह सर्वांत हळवा असतो, असे कंपनशास्त्र सांगते; चांगल्या फुग्यांवरची बस त्याच्या पुष्कळ खाली, सेकंदाला एक ते दीड वेळा, झुलते, आणि ताठर पाट्यांवरची गाडी त्या हळव्या पट्ट्याच्या अधिक जवळ जाते. म्हाताऱ्या माणसाला हा आकडा ठाऊक नसतो. त्याचा अनुभव मात्र असतो.

कठोपनिषदात शरीराला रथ, आत्म्याला रथी, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना अश्व म्हटले आहे. त्या रथाला कमान नाही, पाटा नाही. धक्का रथाला बसतो, आणि रथी हा रथ नव्हे, एवढेच जाणून घ्यायचे आहे. म्हणून पाटा म्हणजे तितिक्षा आणि फुगा म्हणजे समत्व, अशी सोयीस्कर जोडी लावण्याचा मोह मी नाकारतो. कॉम्प्रेसरने पुरविलेले समत्व हे गाडीचे असते, गाडीतल्या माणसाचे नसते. मऊ गाडीतून उतरणारा मनुष्य तेवढ्यावरून स्थितप्रज्ञ होत नाही, आणि कठोर गाडीतून उतरणारा तपस्वीही होत नाही. तितिक्षा हा गुण ज्याचा त्याने स्वतःपुरता कमवावयाचा आहे. मुलाची तितिक्षा आईच्या कण्यावर आचरता येत नाही.

याहून गंभीर बाजू दुसरी आहे. मराठी राज्यात पालखी हा सरकारातून मिळणारा मान होता, आणि तिच्यासाठी स्वतंत्र नेमणूक बांधून दिली जाई. पालखीइतके मऊ वाहन त्या काळी दुसरे नव्हते, आणि ते मऊ होते याचे कारण तिच्या खाली पोलाद नव्हते, भोयांचे गुडघे होते; खाचखळगा, चढउतार, पावसाळी चिखल, सारे त्यांच्या सांध्यांत जिरत असे, आणि आत बसलेल्या सरदाराला त्याची वार्ताही नसे. माउलींची पालखी भक्त उचलतो ती सेवा आहे, कारण तो भार त्याने स्वतः मागून घेतलेला असतो. सरदाराच्या पालखीचा भोई मात्र पोटासाठी खांदा देत होता. पुढे पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर महाबळेश्वरास जाणारे लोक आमच्याच तालुक्यातील वाठार स्टेशनावर उतरत आणि टांग्याने वाई-पाचगणीमार्गे घाट चढत. त्या टांग्याला कमानी होत्या. मनुष्याच्या गुडघ्यावरचा धक्का कमानीच्या लोखंडावर गेला, हा बदल माझ्या दृष्टीने धर्माच्या इतिहासातही नोंदण्याजोगा आहे, यंत्राच्या इतिहासात तर आहेच. घाट चढताना टांग्याच्या घोड्याचे हाल संपले नव्हते, हे मात्र विसरता येत नाही.

म्हणून सुखसोय ही पापाची बाब, असे मी म्हणणार नाही. ती कोणाच्या जिवावर उभी आहे आणि कोणासाठी मागितली आहे, ही चौकशी मात्र प्रत्येक वेळी झाली पाहिजे. गाडीच्या धक्क्यात कोणाचे गुडघे झिजत नाहीत, उसळी शॉकॲब्सॉर्बरच्या तेलात उष्णता होऊन विरते. पण फुग्यांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते घरातील कोणाच्या शिक्षणातून वजा होत असतील, तर धक्का चुकला नाही, त्याने मार्ग बदलला. धडधाकट माणसाने केवळ शिवनेरीसारखे झुलावे म्हणून फुगे घ्यावेत, हे मला अपरिग्रहाच्या विचाराशी विसंगत वाटते. त्याच्या गाडीचा भार स्थिर आहे, रस्ता ओळखीचा आहे, पाटे बांधणारा जवळ आहे, आणि गोंदवल्याच्या किंवा म्हसवडच्या पुढे रात्री कॉम्प्रेसर बंद पडला तर दुरुस्तीची तजवीज सकाळपर्यंत होत नाही. त्याने पाटेच ठेवावेत. ज्या घरात कण्याचा, सांध्यांचा किंवा शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण मागे निजून जाणार आहे, त्या घराने मात्र ऐपत असल्यास फुगे निःशंकपणे बसवावेत, आणि ऐपत नसल्यास पाटे ठेवून त्यांच्या जोडीला लहान साहाय्यक फुगे घालण्याचा मधला मार्ग कारागिराला विचारावा.

आणि गाडी बांधवून घेणाऱ्या गृहस्थांना एक विनंती आहे: बयाणा देण्यापूर्वी तशाच एखाद्या गाडीच्या मागील बिछान्यावर, आई जेथे डोके ठेवणार तेथे स्वतः डोके ठेवून, कोरेगावहून पुसेगावपर्यंत एकदा जाऊन या, आणि मगच गॅरेजवाल्याला काय ते सांगा.