शेणावरील शेवाळ

नॉर्वे-स्वीडनच्या थंड दलदलींत ‘स्प्लॅक्नम’ नावाचे एक शेवाळ गुरांच्या व रेनडियरच्या शेणावर उगवते. बहुतेक शेवाळांचे बीजाणू वारा नेतो. याचे मात्र चिकट असतात. त्याच्या लाल-पिवळ्या शिरांच्या दुर्गंधाने माश्या येतात व ते बीजाणू ताज्या शेणावर पोहोचवितात. ज्यास आपण नाक मुरडतो, तेच त्याचे घर आणि अन्न होय.

मग अमंगलता वस्तूत असते, की आपल्या दृष्टीत? अंगण सारवले म्हणजे शेण पवित्र, रस्त्यावर पडले म्हणजे घाण! स्वच्छता हवीच, पुजाऱ्याच्या घरात वाढल्याने सोवळे आम्ही जाणतो. परंतु मळ धुतला की जातो. तो कोणाच्या जन्मास चिकटविणे हा धर्म नव्हे. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही उत्सवानंतर आवार झाडणाऱ्यास प्रसाद दुरून देण्याची सवय कोठे कोठे उरली आहे. ज्या हातांनी देवाचे अंगण निर्मळ होते, ते हात अपवित्र कसे? त्यास पंक्तीत आपल्या शेजारी पाट मांडावा. आमच्या मते खरे सोवळे तेच.