पाण्याला बांध नाही

सज्जनहो, आज एका शंकेचा विचार करू. एखाद्या कर्मात पुष्कळांचे हात आहेत, प्रत्येकाचा वाटा तिळाएवढा आहे आणि वाईट हेतू कोणाच्याच मनात नाही. तर त्या कर्माने होणाऱ्या अपायाचा दोष कोणाच्या माथी? शास्त्रकारांनी करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा असे तिघेही विचारात घेतले आहेत. पण करणारेच हजारो असले तर? हा नुसता पंडितांचा वाद नव्हे. आपल्या पिण्याच्या घागरीशी त्याचा संबंध आहे.

तण मारण्याचे ॲट्राझीन नावाचे एक औषध आहे. अमेरिकेत १९५८ साली त्याला मान्यता मिळाली आणि मक्याच्या शेतीत ते सर्वत्र पसरले. तिकडे इलिनॉय, आयोवा या प्रांतांत नजर पोचेल तिथवर मकाच मका. वसंतात पेरणी होते, तिच्या आगेमागे फवारणी होते आणि मे-जूनचा पाऊस पडला की औषधाचा काही अंश वाहत्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतो. ओढ्यातून नदीत, नदीतून तलावात आणि तलावातून गावच्या नळाला. शेतकरी म्हणतो, ‘मी माझ्याच रानात फवारले.’ खरे आहे त्याचे. पण बांध रानाला असतो, पाण्याला नसतो.

हे औषध पाणी उकळून जात नाही. फडक्याने गाळले, तुरटी फिरवली, क्लोरीन टाकले, तरी ते राहतेच. ते काढायला खास तयार केलेला कोळसा लागतो आणि त्याला पैसा लागतो. तो पैसा खालच्या अंगाच्या गावांनी भरला. अखेर इलिनॉयमधील ग्रीनव्हिल व इतर गावे सिंजेंटा या औषध बनविणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली. २०१२ साली साडेदहा कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि हजारावर पाणीपुरवठा संस्थांना त्यातून वाटा मिळाला. कंपनीने मात्र दोष कबूल केला नाही. पैसा गावोगाव पोचला, दोष कोणाच्याच दारी गेला नाही!

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, ‘अहो बुवा, पाण्यात ते असते तरी किती?’ प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील मर्यादा अब्ज भागांत ३ भाग. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून तीन थेंब टाका, एवढेच. पण पुढे बघा. भारतीय मानकात ही मर्यादा २ आहे. युरोपात ती ०.१ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १०० सांगितली आहे. औषध एकच, माणसाचा देहही एकच, मग मर्यादा चार कशा?

याचे मर्म असे की, प्रश्न दोन आहेत. ‘किती प्यायल्याने अपाय होतो?’ हा एक. ‘ही वस्तू पाण्यात असावीच का?’ हा दुसरा. युरोपाची मर्यादा दुसऱ्या प्रश्नातून निघाली आहे. तेथे तणनाशक असो की कीडनाशक, जवळजवळ सर्वांना हीच एक मर्यादा; कारण असली वस्तू पिण्याच्या पाण्यातली नव्हेच, असे त्यांनी ठरविले. भूजलात ती मर्यादा पाळली जात नाही असे दिसल्यावर २००४ साली त्यांनी ॲट्राझीनला मान्यता नाकारली.

शिवाय अमेरिकेतली मर्यादा वर्षाच्या सरासरीवर मोजतात. फवारणीनंतरच्या पावसात आकडा चढतो, हिवाळ्यात उतरतो आणि सरासरी मर्यादेत बसते. पण जूनमध्ये तान्हे लेकरू जूनचेच पाणी पिते. ते काही सरासरी पीत नाही.

न्यायशास्त्राचा साधा नियम आहे : जो प्रतिज्ञा करतो, त्याने हेतू द्यावा. येथे प्रतिज्ञा कोणाची? दुसऱ्याच्या घागरीत ज्याची वस्तू जाते, त्याची. ‘यात अपाय नाही’ हे त्यानेच सिद्ध करावे. पिणाऱ्याने आधी आजारी पडून दाखवावे आणि मग दाद मागावी, हा न्याय नव्हे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात जे टाकू नये ते सांगितले आहे, त्यात विषाचेही नाव आहे. थोडे चालेल, असे तेथे म्हटलेले नाही.

नाथमहाराजांची कथा आपण सारे जाणतो. रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतील गंगा त्यांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजली. कथेत आपण दया पाहतो, ते योग्यच. पण गाढवाच्या बाजूनेही पाहावे. त्या मुक्या जीवाने पाणी तपासले नाही, विश्वासाने प्यायले. तहानलेला नेहमी असाच असतो. म्हणून पाण्याच्या बाबतीत सारा भार देणाऱ्यावर आणि वरच्या अंगाला राहणाऱ्यावर पडतो.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. हेच ॲट्राझीन आपल्याकडे उसात आणि मक्यात वापरतात. खरिपाचा मका पेरला की दोन-तीन दिवसांत फवारा होतो आणि नेमक्या त्याच पावसाळी दिवसांत वारी वाटेवर असते. विहिरीचे, नळाचे, टँकरचे, मिळेल ते पाणी वारकरी माउलीचे नाव घेऊन पितो.

शेतकऱ्याला दटावणे सोपे आहे. तो म्हणतो, ‘महाराज, खुरपायला माणूस मिळंना, मजुरी परवडंना, मग करू काय?’ त्याची अडचण खोटी नाही. म्हणून दोषाचे वाटे मांडताना विकणाराही धरावा, मर्यादा ठरवून तपासणी न करणाराही धरावा, स्वस्त साखर मागणारे आपणही धरावेत. मात्र वाटे पुष्कळ झाले म्हणून दोष नाहीसा होत नाही.

आता मूळ शंकेचे उत्तर. हजारोंच्या दिंडीत आपले पाऊल एक, आपला टाळ एक. तो थांबला तर गजर थांबत नाही. तरी ‘मी वारी केली’ असे आपण म्हणतो आणि ते खरेही असते. पुण्याचा तिळाएवढा वाटा जर आपण आपला मानतो, तर दोषाचा तेवढाच वाटा परका कसा? हेतू नव्हता म्हणून अजाणतेपणी दोष हलका होईल. पण कळल्यानंतरही तेच केले, तर अजाणतेपणाची पळवाट उरत नाही.

आणि याचे प्रायश्चित्त हळहळ नव्हे, आचार होय. पाऊस तोंडावर असता फवारू नये. ओढ्या-विहिरीकाठची पट्टी सोडावी, तेथे खुरपेच चालवावे. फवाऱ्याचा पंप ओढ्यात वा विहिरीवर धुऊ नये. तणनाशकाची परीक्षा गावातल्या साध्या तपासणी-पेटीत होत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. ती तपासणी ग्रामसभेने मागावी, विशेषतः पावसाळ्याच्या आरंभी.

तहानलेल्यास पाणी देणे हे पुण्य आपल्या संप्रदायाला सांगावे लागत नाही. वाटेवरच्या गावागावांत रांजण भरून माणसे उभी असतात. त्या रांजणात काय आहे, हे विचारणे हाही त्याच सेवेचा भाग आहे. खालच्या अंगाला कोण पितो ते आपल्याला दिसत नाही. पण तो पांडुरंगाचाच जीव आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक आहे ना?

रामकृष्ण हरि.